वायफाय सामग्रीचे पुनरुज्जीवन

वायफाय सामग्रीचे पुनरुज्जीवन : संगणकाच्या कार्यकारी प्रणालीची, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमची, नवी आवृत्ती बसविल्यानंतर पूर्वी व्यवस्थित चालणारे वायफाय कार्ड निरुपयोगी ठरल्यास ते पुन्हा कार्यक्षम करण्याच्या क्रियेस ही संज्ञा लावता येते. अशा वेळी कार्डात सहसा कोणताही विद्युत् दोष निर्माण झालेला नसतो. कार्डाशी संवाद साधणारी आज्ञावली नव्या प्रणालीत नसते किंवा तिच्याशी जुळत नाही, एवढेच घडलेले असते. गेल्या पंचवीस वर्षांचा या विषयाचा इतिहास पाहता एक गोष्ट स्पष्ट होते : कार्डाचे आयुष्य त्यातील धातू व सिलिकॉन यांच्या टिकाऊपणावर जितके अवलंबून असते, त्याहून अधिक ते कार्ड चालविण्याचे ज्ञान कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. हे ज्ञान उत्पादकाने स्वतःपाशी ठेवले तेथे त्याची इच्छा संपताच कार्डाचे आयुष्यही संपले. ते प्रसिद्ध झाले तेथे कार्ड उत्पादकाच्या पाठिंब्यानंतरही चालत राहिले.

रचना : वायफाय कार्डात रेडिओ लहरींचा प्रेषक व ग्राही, अंकीय संकेतांवर संस्कार करणारी चकती म्हणजे चिप आणि तिच्यात चालणारी फर्मवेअर ही अंतर्गत आज्ञावली असे तीन भाग असतात. कार्यकारी प्रणाली व कार्ड यांच्यामध्ये ड्रायव्हर ही दुभाष्याचे काम करणारी आज्ञावली असते. प्रत्येक कार्डात उत्पादकाचा व नमुन्याचा क्रमांक कोरलेला असतो. संगणक सुरू होताना प्रणाली हे क्रमांक वाचते आणि त्यांवरून योग्य ड्रायव्हर निवडते. इंटेल कंपनीचा असा क्रमांक ८०८६ असून तो तिने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या प्रक्रियकाच्या नावाशी जुळणारा आहे. अनेक कार्डांत फर्मवेअर कायमस्वरूपी साठविलेले नसते. दर वेळी ड्रायव्हरला ते संगणकाच्या तबकडीवरून उचलून कार्डात भरावे लागते. त्यामुळे ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची फाइल नसेल, तर कार्ड मूकच राहते.

पूर्वपीठिका : अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये औद्योगिक, शास्त्रीय व वैद्यकीय कामांसाठी राखलेले काही कंप्रता पट्टे विस्तारित वर्णपटाच्या तंत्राने, परवान्याशिवाय संदेशवहनासाठी वापरण्यास मुभा दिली. या निर्णयानंतर एनसीआर कंपनीच्या नेदर्लंड्समधील अभियंत्यांनी वेव्हलॅन ही सामग्री विकसित केली. याच गटातील व्हिक हेस हे पुढे मानक ठरविणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. ८०२.११ हे पहिले मानक १९९७ मध्ये संमत झाले. त्याचा वेग सेकंदाला १ ते २ मेगॅबिट होता. १९९९ मधील ८०२.११बी या सुधारित मानकाने तो ११ मेगॅबिटपर्यंत नेला. त्याच वर्षी उत्पादकांचा संघ स्थापन झाला व ‘वायफाय’ हे व्यापारी नाव रूढ झाले. ॲपल कंपनीने १९९९ मध्ये आयबुक या संगणकासोबत आणि इंटेलने २००३ मध्ये सेंट्रिनो या नावाने वायफायचा प्रसार केला. त्यानंतर ८०२.११जी (२००३), ८०२.११एन (२००९), ८०२.११एसी (२०१३) व ८०२.११एएक्स (२०२१) ही मानके आली. मानकांच्या या वेगामुळे उत्पादकांचे लक्ष सतत नव्या चिपकडे राहिले आणि विकल्या गेलेल्या जुन्या कार्डांची देखभाल मागे पडत गेली.

भारतातील परवाना : भारतात बिनतारी उपकरण बाळगणे हे १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाखाली परवान्याच्या कक्षेत येत असे. केंद्र शासनाने जानेवारी २००५ मध्ये अधिसूचना काढून २.४ ते २.४८३५ गिगॅहर्ट्झ हा पट्टा ठराविक शक्तिमर्यादेत परवानामुक्त केला. घरात, दुकानात व शाळेत वायफाय वापरण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. ५ गिगॅहर्ट्झच्या परिसरातील एकूण ६०५ मेगॅहर्ट्झ रुंदीचे पट्टे ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त झाले. या तारखांना प्रस्तुत विषयात व्यावहारिक महत्त्व आहे. कोणत्या देशात कोणत्या कंप्रतांवर प्रेषण करता येते, याचे कोष्टक ड्रायव्हर पाळत असतो. प्रणाली बदलल्यावर देशाचा संकेत चुकीचा नोंदला गेला किंवा कोष्टक जुने राहिले, तर कार्ड ठीक असूनही काही वाहिन्या दिसेनाशा होतात. वापरणारा मात्र कार्ड बिघडले असे समजतो.

जोडणीचा संगणक : सुटे भाग विकत घेऊन जोडलेला, बोलीभाषेत ‘असेंबल्ड’ म्हटला जाणारा संगणक हा भारतीय मध्यमवर्गाचा बराच काळ मुख्य संगणक होता. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, ही अशा भागांची महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध बाजारपेठ होय. नाममुद्रेच्या संगणकात कार्ड, मदरबोर्ड व प्रणाली यांचा मेळ कंपनीने घातलेला असतो आणि पुढील काही वर्षे ड्रायव्हर पुरविण्याची जबाबदारीही तिची असते. जोडणीच्या संगणकात ही जबाबदारी कोणाचीच नसते. मदरबोर्ड एका कंपनीचा, कार्ड दुसऱ्या कंपनीचे, त्यावरील चिप तिसऱ्या कंपनीची आणि प्रणाली चौथ्याची असते. पुष्कळदा एकाच नमुन्याच्या नावाखाली वेगवेगळ्या चिपची कार्डे विकली जातात. खोक्यावरील नावावरून ड्रायव्हर शोधणारा त्यामुळे फसतो. अंतर्गत क्रमांकच विश्वसनीय ठरतो.

मोठ्या बाजारपेठेपासून दूर असलेल्या गावी हा प्रश्न अधिक तीव्र होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती हे त्याचे उदाहरण म्हणून घेता येईल. विजासन लेणी, जैन मंदिर व आयुधनिर्माणी यांसाठी परिचित असलेले हे तालुक्याचे गाव नागपूर–चंद्रपूर मार्गावर आहे. तालुक्यात एकीकडे माजरीच्या कोळसाखाणी, तर दुसरीकडे ताडोबाचे अरण्य आहे. मुंबईत नवे कार्ड घेणे हे तासाभराचे काम असते. येथे ते मागवून घ्यावे लागते किंवा त्यासाठी चंद्रपूर वा नागपूर गाठावे लागते. पूर्वेकडील गडचिरोली जिल्ह्यातील भामरागड, एटापल्ली, सिरोंचा यांसारख्या तालुक्यांत हे अंतर आणखी वाढते. शिवाय येथे एक चक्राकार अडचण उद्‌भवते : हरवलेला ड्रायव्हर आंतरजालावर असतो आणि आंतरजालाशी जोडणारे एकमेव साधन म्हणजे तेच बंद पडलेले कार्ड असते. पूर्वी यावर मासिकांसोबत मिळणाऱ्या सीडींचा आधार असे. पीसी क्वेस्ट या इंग्रजी मासिकाने आपल्या अंकांसोबत लिनक्सच्या सीडी वितरित करून ही गरज काही अंशी भागविली होती. २०१० नंतर भ्रमणध्वनी यूएसबी तारेने संगणकाला जोडून त्याचे आंतरजाल वापरण्याची सोय सार्वत्रिक झाली आणि हे चक्र बऱ्याच अंशी भेदले गेले.

विंडोज : मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीत ड्रायव्हरची मूळ संहिता सहसा प्रसिद्ध होत नाही, उत्पादक तयार फाइल देतो. ही पद्धत चालावी म्हणून प्रणाली व ड्रायव्हर यांच्यातील सांधा अनेक वर्षे स्थिर ठेवला जातो. विंडोज एक्सपी या २००१ मधील आवृत्तीसाठी लिहिलेले वायफाय ड्रायव्हर एनडीआयएस या सांध्याच्या पाचव्या पिढीवर आधारित होते. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या व्हिस्टा या आवृत्तीबरोबर सहावी पिढी व वायफायची नवी मांडणी आली. व्हिस्टाच्या ६४ बिटी आवृत्तीने प्रणालीच्या गाभ्यात शिरणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर अंकीय स्वाक्षरी अनिवार्य केली. ज्या उत्पादकांनी जुन्या कार्डांसाठी नवे ड्रायव्हर काढले नाहीत, त्यांची कार्डे तेथेच थांबली. त्यानंतरच्या आवृत्त्यांत सांधा तुलनेने स्थिर राहिल्याने विंडोज ७ किंवा ८ चा ड्रायव्हर विंडोज १० मध्ये बसविणे हा पुनरुज्जीवनाचा नेहमीचा उपाय ठरला. मात्र संहिता हाती नसल्याने त्या ड्रायव्हरमधील दोष उत्पादकाखेरीज कोणालाही दुरुस्त करता येत नाही.

लिनक्स : लिनक्स या मुक्त प्रणालीत याउलट तत्त्व स्वीकारले गेले. तिच्या गाभ्याचा म्हणजे कर्नलचा ड्रायव्हरशी असलेला सांधा मुद्दाम स्थिर ठेवलेला नाही. तो गरजेनुसार बदलतो. परंतु ज्या ड्रायव्हरची संहिता कर्नलच्या मुख्य संग्रहात असते, त्यात सांधा बदलणाऱ्यानेच आवश्यक तो बदल करावा, असा संकेत आहे. परिणामी संग्रहातील ड्रायव्हर उत्पादक विसरून गेल्यानंतरही दीर्घकाळ चालतो; संग्रहाबाहेरील ड्रायव्हर मात्र कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर मोडण्याचा संभव असतो. या दुसऱ्या वर्गासाठी डेल कंपनीच्या अभियंत्यांनी २००३ च्या सुमारास डीकेएमएस ही व्यवस्था रचली. कर्नल बदलला की ती ड्रायव्हर आपोआप पुन्हा बांधते. सांधाच बदलला असेल, तर मात्र तिचाही उपाय चालत नाही.

प्रारंभीच्या वर्षांत बहुसंख्य उत्पादकांनी लिनक्ससाठी ना ड्रायव्हर दिला, ना चिपची माहिती. रेडिओची शक्ती व कंप्रता वापरणाऱ्याच्या हाती गेल्यास नियामकांचे नियम मोडले जातील, हे कारण पुढे केले जाई. व्यापारी गुपिते हे दुसरे कारण होते. यावर २००३ मध्ये एनडीआयएसरॅपर हा तात्पुरता तोडगा निघाला. विंडोज एक्सपीचा ड्रायव्हर लिनक्समध्ये चालविण्यासाठी त्याभोवती विंडोजचे कृत्रिम वातावरण उभारण्याची ही युक्ती होती. तिने असंख्य संगणक आंतरजालावर आणले. पण ती विंडोजच्या पाचव्या पिढीच्या ड्रायव्हरपुरतीच मर्यादित होती व कर्नलच्या बदलांबरोबर वारंवार मोडत असे.

टिकाऊ मार्ग उलट अभियांत्रिकीचा ठरला. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपसाठी विकासकांच्या एका गटाने कंपनीच्या उपलब्ध ड्रायव्हरचे विश्लेषण करून चिपच्या वर्तनाचे वर्णन लिहून प्रसिद्ध केले. दुसऱ्या गटाने मूळ ड्रायव्हर न पाहता, केवळ त्या वर्णनावरून नवी संहिता रचली. दोन गटांमधील ही भिंत स्वामित्वहक्काचा भंग टाळण्यासाठी होती. मिखाएल ब्यूश प्रभृतींनी लिहिलेला हा ड्रायव्हर जून २००६ मध्ये कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत समाविष्ट झाला आणि जानेवारी २००८ मधील २.६.२४ या आवृत्तीत बी४३ या सुधारित रूपात आला. फर्मवेअरचा हक्क मात्र कंपनीकडेच होता. ते वितरित करता येत नसल्याने वापरणाऱ्याने कंपनीच्या ड्रायव्हरमधून ते स्वतः काढून घ्यावे यासाठी एक छोटी आज्ञावली पुरविण्यात आली. इटलीतील ब्रेशा विद्यापीठाच्या संशोधकांनी पुढे काही चिपसाठी मुक्त फर्मवेअरही तयार केले.

अथेरॉस कंपनीच्या कार्डांसाठी मॅडवायफाय हा ड्रायव्हर प्रचलित होता, पण त्याचा चिपशी बोलणारा भाग बंदिस्त होता. ओपनबीएसडी प्रणालीचे विकासक राइक फ्लोएटर यांनी त्या भागाला मुक्त पर्याय लिहिला. त्यातून कंपनीच्या हक्काचा भंग झाला असावा, अशी शंका घेतली गेल्याने लिनक्सच्या विकासकांनी तो बराच काळ स्वीकारला नाही. सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटर या अमेरिकी विधिसंस्थेने तपासणी करून २००७ मध्ये तसा भंग झाला नसल्याचा निर्वाळा दिला. त्यावर आधारलेला एटीएच५के हा ड्रायव्हर २००८ मध्ये कर्नलमध्ये आला. त्याच वर्षी अथेरॉसने आपल्या नव्या चिपसाठी एटीएच९के हा मुक्त ड्रायव्हर स्वतः दिला. ब्रॉडकॉमनेही सप्टेंबर २०१० मध्ये नव्या चिपसाठी संहिता खुली केली. इंटेलने २००४ पासूनच लिनक्ससाठी ड्रायव्हर विकसित करण्यास प्रारंभ केला होता. दरम्यान २००७ मध्ये कर्नलमध्ये वायफायचा समाईक स्तर आला आणि प्रत्येक ड्रायव्हरने तीच कामे स्वतंत्रपणे करण्याची गरज उरली नाही. डेबियन या वितरणाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त फर्मवेअर स्थापनेच्या चकतीतच देण्याचा निर्णय केला व जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून तो अंमलात आला. तत्त्वाशी केलेली ही तडजोड होती. पण ज्याच्यापाशी दुसरी जोडणी नाही, अशा वापरणाऱ्याची वर सांगितलेली चक्राकार अडचण तिने पुष्कळच कमी केली.

ॲपल : ॲपलने २००६ मध्ये इंटेलचे प्रक्रियक स्वीकारल्यानंतर काही हौशी मंडळींनी तिची मॅकओएस ही प्रणाली जोडणीच्या संगणकांवर चालविण्यास सुरुवात केली. कंपनीच्या परवान्यात याला मनाई आहे. असे संगणक विकणाऱ्या सायस्टार या अमेरिकी कंपनीविरुद्धचा निकाल २००९ मध्ये ॲपलच्या बाजूने लागला. अशा संगणकांत ॲपलने स्वतः वापरलेल्या चिपचीच वायफाय कार्डे बसविली जात, कारण त्यांचा ड्रायव्हर प्रणालीतच असे. परंतु कंपनीने २०१८ मधील मोहावी या आवृत्तीतून अथेरॉसच्या जुन्या चिपचा आणि सप्टेंबर २०२३ मधील सोनोमा या आवृत्तीतून ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपचा पाठिंबा काढून घेतला. ओपनकोअर लेगसी पॅचर या स्वयंसेवी प्रकल्पाने आधीच्या आवृत्तीतील घटक नव्या आवृत्तीत पुन्हा बसवून ही कार्डे सुरू केली. त्याची किंमत मात्र लक्षणीय आहे. प्रणालीच्या अखंडतेचे रक्षण करणारी बंधने त्यासाठी शिथिल करावी लागतात आणि प्रत्येक अद्ययावतीकरणानंतर बदल पुसले जाऊन पुन्हा करावे लागतात. २०२५ मधील टाहो ही इंटेल प्रक्रियकांवर चालणारी शेवटची आवृत्ती असेल, असे कंपनीने जाहीर केल्यामुळे या मार्गाचा शेवटही ठरून गेला आहे.

कार्यपद्धती : या अनुभवांतून तपासणीचा एक क्रम रूढ झाला आहे. प्रथम कार्ड संगणकाला विद्युत् दृष्ट्या दिसते किंवा नाही, हे त्याच्या क्रमांकांवरून पाहतात. न दिसल्यास दोष खाचेचा, कार्डाचा किंवा मेळाचा असतो. उदा., इंटेलच्या सीएनव्हीआय प्रकारच्या कार्डांत कामाचा काही भाग इंटेलच्या प्रक्रियक-संचाकडे सोपविलेला असल्याने ती एएमडीच्या मदरबोर्डवर आकाराने बसली तरी चालत नाहीत. कार्ड दिसत असल्यास ड्रायव्हर आहे का, तो स्वाक्षरीअभावी सिक्युअर बूट या व्यवस्थेने अडविला आहे का, फर्मवेअर भरले गेले का, प्रक्षेपण बंद करणारी कळ दाबलेली आहे का आणि देशाचा संकेत बरोबर आहे का, हे याच क्रमाने पाहतात. नवी प्रणाली बसविण्यापूर्वी ड्रायव्हर व फर्मवेअर यांची प्रत वेगळ्या साधनावर ठेवणे आणि जुना कर्नल लगेच काढून न टाकणे, ही खबरदारी सर्वांत स्वस्त व परिणामकारक आहे.

मर्यादा : पुनरुज्जीवित कार्ड सुरक्षित असेलच असे नाही. ८०२.११ मानकातील डब्ल्यूईपी ही गुप्तलेखनाची पद्धत मूलतः सदोष असल्याचे फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी २००१ मध्ये दाखविले. तिच्या जागी डब्ल्यूपीए (२००३), डब्ल्यूपीए२ (२००४) व डब्ल्यूपीए३ (२०१८) या पद्धती आल्या. केवळ डब्ल्यूईपी जाणणारे कार्ड चालू झाले, तरी ते घरातील संदेश उघड्यावर टाकण्यासारखे आहे. २०१७ मध्ये मॅथी व्हानहूफ यांनी डब्ल्यूपीए२ मधील दोष उघड केल्यावर ज्या प्रणालींची देखभाल चालू होती त्यांची दुरुस्ती झाली. सोडून दिलेल्या ड्रायव्हरना अशी दुरुस्ती मिळण्याची शाश्वती नसते. मुक्त संहितेलाही देखभाल करणारी माणसे लागतात. ऑरिनोको, होस्टएपी यांसारखे पहिल्या पिढीतील कार्डांचे ड्रायव्हर कोणी वापरत व तपासत नसल्याने २०२४ मध्ये लिनक्सच्या मुख्य संग्रहातून काढण्यात आले. तथापि त्यांची संहिता जुन्या आवृत्त्यांत सर्वांना उपलब्ध असल्याने, गरज भासल्यास ती पुन्हा उचलणे शक्य आहे. बंदिस्त ड्रायव्हरच्या बाबतीत ही शक्यताच राहत नाही.

महत्त्व : भारत शासनाने २०२२ मध्ये नवे ई-कचरा नियम अधिसूचित केले व त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधीचे संकेतस्थळ सुरू केले. दुरुस्तीचा विचार सामान्यतः सुटे भाग, पाने-पेचकस व कारागीर यांच्या संदर्भात केला जातो. वायफाय कार्डाच्या इतिहासावरून असे दिसते की, यंत्राशी बोलण्याची भाषा उपलब्ध असणे हाही दुरुस्तीचा तितकाच आवश्यक घटक आहे. भद्रावतीसारख्या ठिकाणी जुना संगणक एखाद्या विद्यार्थ्याच्या अर्जांचे, निकालांचे व अभ्यासाचे साधन असतो. तो चालू राहील की अडगळीत जाईल, हे काही वर्षांपूर्वी दूरच्या कोणा कंपनीने चिपचे वर्णन प्रसिद्ध केले होते किंवा नाही यावरून बहुधा ठरते. त्यामुळे जोडणीच्या संगणकासाठी कार्ड निवडताना त्याचा वेग व किंमत यांबरोबरच त्याच्या ड्रायव्हरची संहिता मुक्त संग्रहात आहे काय, हे पाहणे इष्ट ठरते.